काळ्या जमिनीवरील दुचाकीस्वारी (वर्धा जिल्हा)

काळ्या जमिनीवरील दुचाकीस्वारी म्हणजे कापसाच्या काळ्या मातीच्या पांदणी, शिवारवाटा आणि नाल्यांचे काठ यांवरून मोटारसायकल चालवण्याची रीत होय. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील वर्धा जिल्ह्यात अशी स्वारी हा खेळ किंवा साहस नसून शेतीच्या दैनंदिन कामाचा भाग आहे. काळी माती कोरडी असताना दगडासारखी कठीण असते, तर ओली झाल्यावर एकाच वेळी घसरडी आणि चिकट होते. त्यामुळे एकाच वाटेवर पावसाळ्यात व उन्हाळ्यात गाडी हाकण्याचे तंत्र पूर्णपणे बदलते. 'ओले' आणि 'कोरडे' असे दोनच भेद येथे पुरेसे पडत नाहीत. या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे पाऊस उघडल्यावर माती सुकू लागते तेव्हा, चाक सर्वाधिक अडते. मोटारसायकलच्या 'ट्रायल्स' या क्रीडाप्रकारात विकसित झालेले तंत्र आणि शेतकऱ्यांनी अनुभवाने साधलेली रीत यांत बरेच साम्य आढळते.

पांदण व शिवारवाट

गावातून शेताकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटेला विदर्भात 'पांदण' म्हणतात. महाराष्ट्राच्या इतर भागांत 'पाणंद' हे रूप रूढ आहे. ही वाट बहुधा दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांच्या मधून जाते. धुरा म्हणजे शेताचा बांध. पिढ्यान्‌पिढ्या बैलबंड्यांच्या लोखंडी धावांनी माती कापली गेल्यामुळे अनेक पांदणी लगतच्या शेतांपेक्षा खोल गेलेल्या आहेत. पावसाचे पाणी शेतातून उतरून पांदणीत साचते, आणि वाटेलाच नाल्याचे रूप येते. कोरड्या दिवसांत हीच पांदण सर्वांत सोयीची असते.

पूर्वी या वाटेवर बैलबंडी हेच मुख्य वाहन होते. बंडीचे चाक मोठ्या व्यासाचे आणि अरुंद असल्याने ते मऊ चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचत असे, आणि बैलांचे पाय स्वतंत्रपणे जोर लावत असत. दुचाकीत मात्र ओढण्याचे सर्व काम एकट्या मागच्या चाकाला करावे लागते. १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर या कमी इंधन लागणाऱ्या गाड्या बाजारात आल्यानंतर ग्रामीण भागात दुचाकीचा प्रसार झपाट्याने झाला. डांबरी सडकेसाठी घडवलेली ही गाडी त्यानंतर पांदणीतही उतरली.

भौगोलिक पार्श्वभूमी

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६,३०९ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३,००,७७४ होती. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर हे आठ तालुके जिल्ह्यात आहेत. पश्चिमेकडून वर्धा नदी वाहते. वणा, धाम, बोर व यशोदा या जिल्ह्यातील इतर प्रमुख नद्या होत.

जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक झिजून काळी माती तयार झाली. उत्तरेकडील आर्वी, आष्टी व कारंजा तालुक्यांचा बराच भाग डोंगराळ असून तेथे मातीचा थर अनेक ठिकाणी पातळ आहे. खाली मुरूम किंवा खडक असतो आणि पाणी लवकर निचरून जाते. अशा हलक्या जमिनीला 'बरड' म्हणतात. दक्षिणेकडे हिंगणघाट व समुद्रपूरच्या बाजूला जमीन सपाट होत जाते आणि नद्यांच्या खोऱ्यांत भारी काळ्या मातीचे खोल थर आढळतात. म्हणून एकाच दिवशी, सारखाच पाऊस पडूनही, कारंजाच्या बरडावरून दुचाकी सहज जाऊ शकते आणि हिंगणघाटच्या भारी शिवारात ती जागची हलत नाही.

सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे १,००० मिलिमीटर असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. ओल व कोरड यांची ही टोके जमिनीच्या वर्तनातही उमटतात.

काळ्या मातीचे वर्तन

काळी माती मृदाशास्त्रात 'व्हर्टिसॉल' या वर्गात मोडते. तिच्यात चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण बहुधा ४० टक्क्यांहून अधिक असते. मॉन्टमोरिलोनाइट या गटातील खनिजे हा तिचा प्रमुख घटक होय. या खनिजांचे कण पापुद्र्यांसारख्या थरांचे बनलेले असतात. पाणी मिळताच ते थरांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. पाणी निघून गेल्यावर ती आक्रसते व तिला भेगा पडतात. उन्हाळ्याच्या अखेरीस या भेगा काही सेंटिमीटर रुंद आणि एक मीटरपर्यंत किंवा त्याहूनही खोल जातात. वरची भुसभुशीत माती भेगांत पडून पुन्हा खालून वर येत राहते. म्हणूनच ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असे म्हटले जाते.

स्वीडिश शास्त्रज्ञ आल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ मध्ये चिकणमातीच्या अवस्था पाण्याच्या प्रमाणानुसार निश्चित करण्याची पद्धत मांडली. स्थापत्य अभियांत्रिकीत ती आजही वापरली जाते. दुचाकीस्वाराच्या दृष्टीने या अवस्था पुढीलप्रमाणे मांडता येतात :

• कोरडी : माती कठीण असते. चाक रुतत नाही, परंतु भेगा, ढेकळे व धूळ यांचा त्रास होतो.
• वापशाची : मातीत माफक ओल असते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि तो सोडला तर फुटतो. ही स्वारीला सर्वांत अनुकूल अवस्था होय.
• चिकट : माती लोण्यासारखी वळते आणि ज्याला लागेल त्याला धरून बसते. टायर, मडगार्ड, साखळी व पादत्राणे यांवर तिचे थर चढतात.
• पातळ : पाण्याचे प्रमाण इतके वाढते की माती वाहू लागते. ती टायरला फारशी चिकटून राहत नाही, मात्र भारही पेलत नाही.

'वापसा' हा शब्द मूळचा शेतीतला आहे. पेरणी, वखरणी व डवरणी यांसाठी शेतकरी वापशाची वाट पाहतो. जमीन औजार स्वीकारते की नाही यासाठी लावायची कसोटी चाकालाही लागू पडते, त्यामुळे अनुभवी शेतकरी वेगळा विचार न करता त्याच अंदाजावर गाडी न्यायची की नाही हे ठरवतात.

पातळ अवस्थेपेक्षा चिकट अवस्था चाकाला अधिक अडवते, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. धो-धो पावसात टायरच्या खाचांतील चिखल पाण्याबरोबर धुऊन निघतो. पाऊस थांबून काही तास उन्हाचे गेले की वरचे पाणी आटते, आणि उरलेली माती डिंकासारखी होते. त्यामुळे पाऊस थांबला म्हणून लगेच निघालेला स्वार पुष्कळदा पावसात निघालेल्याच्या आधी अडकतो.

नक्षत्रांनुसार बदल

विदर्भातील शेतीचे वेळापत्रक आजही पावसाच्या नक्षत्रांवरून सांगितले जाते. वाटेची स्थितीही त्याच क्रमाने बदलते.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृग नक्षत्र लागते. पहिल्या सरींचे पाणी उन्हाळी भेगांत शिरते, वरचा जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा थर भिजतो आणि खालची जमीन टणकच राहते. कठीण पृष्ठावर पातळ ओला लेप असल्याने चाकाला रुतून पकड घेता येत नाही. वाट पाहता कोरडीच वाटते, वेगही उन्हाळ्यातलाच असतो, आणि गाडी अचानक सटकते. पेरणीची घाई याच दिवसांत असते.

आर्द्रा, पुनर्वसू व पुष्य या नक्षत्रांत भेगा मिटतात. माती फुगून बंद झाली की पाणी मुरण्याचा वेग अत्यंत मंदावतो आणि ते वाटेवर साचते. आश्लेषा व मघा नक्षत्रांपर्यंत, म्हणजे ऑगस्ट महिन्यात, भारी जमिनीत चिखलाची खोली इतकी वाढते की दुचाकी गावाच्या कडेला किंवा डांबरी सडकेवर उभी करून पायी शेत गाठावे लागते. निंदण, डवरण व फवारणीची कामे नेमकी याच काळात असतात.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात व हस्त नक्षत्रात पावसाच्या सरी व कडक ऊन यांची आलटापालट होते. या दिवसांत माती वारंवार चिकट अवस्थेतून जाते. सोयाबीनची सोंगणी सुरू झालेली असते आणि पीक शेतातून बाहेर काढण्याची निकड असते. दिवाळीच्या सुमारास वाटा वापशावर येतात. कापूस वेचणीचा काळ दुचाकीसाठी सर्वांत सुखाचा असतो. संक्रांतीनंतर माती कडक होऊ लागते, आणि चैत्र-वैशाखात फुफाटा व भेगा यांचे राज्य सुरू होते.

ट्रायल्स क्रीडाप्रकार

ट्रायल्स ही वेगाची शर्यत नाही. दगड, ओहोळ, झाडांची मुळे, चिखल व चढ यांतून आखलेल्या छोट्या टप्प्यांमधून पाय जमिनीला न टेकवता गाडी नेणे, हे या खेळाचे उद्दिष्ट असते. एकदा पाय टेकला तर एक दोषगुण, दोनदा टेकला तर दोन, तीन वा अधिक वेळा टेकला तर तीन, आणि टप्पा पूर्ण करता आला नाही तर पाच दोषगुण मिळतात. सर्वांत कमी दोषगुण मिळवणारा स्वार विजयी ठरतो.

या खेळाचा उगम ब्रिटनमधील आहे. स्कॉटलंडमधील सहा दिवसांची स्पर्धा १९०९ मध्ये, तर यॉर्कशायरमधील स्कॉट ट्रायल १९१४ मध्ये सुरू झाली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७५ पासून भरवली जाते. स्पेनचा तोनी बोऊ याने २००७ पासून सलग अनेक वर्षे हे अजिंक्यपद मिळवले. भारतात सुपरिचित असलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटचाही या खेळाशी जुना संबंध आहे. मागील चाकाला झुलता काटा असलेले बुलेटचे नमुने १९४८ मध्ये इंग्लंडमधील कोलमोर कप ट्रायलमध्ये उतरवण्यात आले होते. १९५५ पासून बुलेट मद्रास येथे तयार होऊ लागली.

स्पर्धेतील आधुनिक ट्रायल्स गाडीचे वजन सुमारे ७० किलो असते, तिला बसण्यासाठी आसन जवळजवळ नसतेच, आणि तिचे पोट जमिनीपासून ३० सेंटिमीटर किंवा अधिक उंचीवर असते. मागच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला सुमारे ४ ते ५ पौंड एवढीच हवा ठेवतात. शेतकऱ्याची १०० सीसीची गाडी ११० किलोंच्या आसपास असते, तिचे पोट जमिनीपासून साधारण १६ सेंटिमीटर उंचीवर असते, आणि टायरमध्ये सुमारे २५ ते ३५ पौंड हवा असते. स्पर्धक टप्प्यातून रिकाम्या गाडीवर एकटा जातो. शेतकऱ्याच्या गाडीवर मात्र खताची गोणी, फवारणीचा पंप किंवा मागे बसलेले माणूस असते. अवघड वाट कमी वेगात, तोल न घालवता पार करणे ही गरज मात्र दोघांची सारखीच आहे, म्हणून ट्रायल्समधील तत्त्वांच्या आधारे पांदणीतील स्वारी समजून घेता येते.

ओल्या जमिनीवरील स्वारी

चाक जमिनीला जोर लावते तेव्हा जमिनीनेही तेवढाच विरोध करावा लागतो. ओल्या काळ्या मातीत मातीच्या थरांमधील धरून ठेवण्याची शक्ती अत्यंत कमी होते. चाकाने अधिक जोर लावला की मातीचा थरच सरकतो आणि चाक जागच्या जागी फिरते. फिरते चाक खड्डा खणते, खड्ड्यात पाणी उतरते, आणि गाडी आसापर्यंत रुतते. म्हणून चिखलात अ‍ॅक्सिलरेटर जोरात पिळणे सर्वांत घातक ठरते. ट्रायल्स स्वार निसरड्या टप्प्यात अनेकदा वरचा गिअर वापरून चाकापर्यंत पोहोचणारा जोर मर्यादित ठेवतो आणि क्लचने तो हळूहळू सोडतो. शेतकरीही पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या मंद गतीने, मध्ये न थांबता चिखलाचा पट्टा ओलांडतात.

टायरच्या खाचांत माती गच्च भरली की टायर गुळगुळीत होतो. चाकाचा वेग जास्त असेल तर भोवऱ्यासारखी फिरणारी माती बाहेर फेकली जाते. पांदणीतील मंद गतीत हे घडत नाही. चिकट माती पुढे मडगार्ड व टायर यांच्या मधल्या फटीत साठते, सोबत गवत व काडीकचरा येतो, आणि शेवटी चाक फिरायचेच थांबते. पुढचे चाक असे अडकले की गाडी ढकलताही येत नाही. यावर उपाय म्हणून काहीजण पावसाळ्यापुरते पुढचे मडगार्ड काढून ठेवतात किंवा ते उंचावर बसवून घेतात. जवळ लाकडी काडी किंवा लोखंडी पट्टी बाळगून थोड्या-थोड्या अंतरावर माती खरवडणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे.

ब्रेक लावताना जमीन किती साथ देते यावर थांबण्याचे अंतर ठरते. घर्षणगुणांक ०.७ धरला, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ५ मीटरमध्ये थांबते. निसरड्या मातीसाठी तोच गुणांक ०.२ धरला, तर हे अंतर सुमारे १८ मीटर होते. वेग निम्मा, म्हणजे ताशी १५ किलोमीटर केला, तर त्याच निसरड्या मातीवर ते सुमारे साडेचार मीटरवर येते. वेग निम्मा झाला की अंतर चौथ्या हिश्श्यावर येते. चिखलात मंद गतीचे महत्त्व या हिशोबातून स्पष्ट होते.

निसरड्या जागी पुढचा ब्रेक टाळण्याची रीत सर्वत्र आहे, कारण पुढचे चाक घसरले की तोल सावरायला वेळच मिळत नाही. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना भारतात एप्रिल २०१९ पासून संयुक्त ब्रेक प्रणाली बंधनकारक झाली. या प्रणालीत पायाचा मागील ब्रेक दाबला तरी पुढच्या चाकाला काही प्रमाणात ब्रेक लागतो. डांबरी सडकेवर ही सोय उपकारक आहे. चिखलाच्या उतारावर मात्र जुन्या गाडीची सवय असलेल्या स्वाराने ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते. अशा उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाच्याच रोधाने गाडी उतरवणे अधिक सुरक्षित असते.

टायरमधील हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला त्याचा अधिक भाग लागतो आणि पकड वाढते. ट्रायल्समधील अत्यल्प हवेचे कारण हेच आहे. साध्या गाडीवर मात्र या उपायाला मर्यादा आहेत. तिच्या टायरमध्ये ट्यूब असेल तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते. दगडावर आपटून रिमही वाकते. ओझे लादलेल्या गाडीत हा धोका वाढतो. त्यामुळे हवा थोडीच कमी करून डांबरी सडकेवर येताच ती पूर्ववत भरून घेणे हाच व्यवहार्य मार्ग राहतो.

ओझ्याची मांडणीही महत्त्वाची असते. युरियाची गोणी ४५ किलोंची असते. ती मागील बाजूस बांधली की मागच्या चाकावरचा भार वाढून ओढ सुधारते, पण पुढचे चाक हलके होते आणि हँडल वळवले तरी गाडी सरळच सरकते. गोणी शक्य तितकी पुढे, स्वाराच्या पाठीला टेकून बांधल्यास तोल बरा राहतो. मागे बसलेल्या व्यक्तीने अवघड पट्ट्यात उतरून चालणे ही शिवारातील सर्वमान्य रीत आहे.

ट्रायल्स स्वार पायदानांवर उभा राहून गाडी चालवतो. असे केल्याने एकूण गुरुत्वमध्य खाली येत नाही. परंतु गाडी त्याच्या शरीराखाली स्वतंत्रपणे डावी-उजवीकडे कलू शकते आणि चाक घसरले तरी शरीर त्याबरोबर फेकले जात नाही. शेतकरी बहुधा बसूनच गाडी हाकतात आणि दोन्ही पाय जमिनीलगत लोंबते ठेवतात. खेळात पाय टेकणे हा दोष असला, तरी ओझे लादलेल्या गाडीसाठी तोच आधार असतो. तथापि वेगात असताना टेकलेला पाय चिखलात अडकून घोटा किंवा गुडघा मुरगळण्याची शक्यता असते.

कोरड्या जमिनीवरील स्वारी

कोरड्या जमिनीवर पकड चांगली असते, त्यामुळे वेग वाढतो आणि पडल्यास इजा अधिक होते. पावसाळ्यात बंड्या व ट्रॅक्टर यांनी पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात भाजल्यासारख्या कठीण होतात. खोल चाकोरीत पुढचे चाक शिरले की तिरके हँडल करून ते बाहेर निघत नाही. टायरची कड चाकोरीच्या भिंतीला घासते आणि गाडी आडवी होते. यावर उपाय म्हणजे चाकोरीतच सरळ राहून नजर दूर ठेवणे, किंवा प्रारंभापासून दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून जाणे. चाकोरी ओलांडावीच लागली, तर ती शक्य तितक्या काटकोनात ओलांडतात.

भेगांबाबतही हाच नियम आहे. शंभर सीसीच्या गाडीचा टायर सुमारे ७ सेंटिमीटर रुंद असतो. वाटेच्या दिशेने गेलेली रुंद भेग त्याला पकडू शकते, आडव्या भेगेचा मात्र केवळ धक्का बसतो. मऊ पावडरीसारखी साचलेली धूळ, म्हणजे फुफाटा, खालची चाकोरी व खड्डे झाकून टाकतो. कठीण जमिनीवर पसरलेले धुळीचे कण लहान गोट्यांसारखे काम करतात, आणि वळणावर चाक सरकते.

दगडावरील अनुभव याहून निराळा असतो. कोरडा बेसाल्ट टायरला उत्तम पकड देतो. ओला पण स्वच्छ बेसाल्टही बऱ्याच अंशी चालतो. त्यावर शेवाळ किंवा काळ्या मातीचा लेप असेल तर मात्र तो काचेसारखा निसरडा होतो. चिखलातून आलेला टायर स्वतःसोबत हा लेप दगडावर घेऊन येतो. ट्रायल्समध्ये टप्पा सुरू करण्यापूर्वी स्वार पायी फिरून वाट पाहून घेतात आणि थांबून टायर स्वच्छ करतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

नाले व रपटे

ओढ्यानाल्यांवर बांधलेल्या कमी उंचीच्या फरशीपुलास विदर्भात 'रपटा' म्हणतात. पाऊस जोरात असताना पाणी रपट्यावरून वाहते. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. शिवाय गढूळ पाण्याखाली रपट्याचा भाग वाहून गेला आहे किंवा नाही हे दिसत नाही. त्यामुळे पाणी उथळ भासले तरी वाहत्या रपट्यावरून दुचाकी नेणे जीवघेणे ठरू शकते. काळ्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग मंद असल्याने नाले लवकर भरतात. छोट्या नाल्यांचा पूर मात्र वरचा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतो. म्हणून येथे काठावर थांबून राहणे हेच शहाणपण मानले जाते.

साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनाच्या हवेच्या मार्गात पाणी शिरले तर गाडी बंद पडते. अशा वेळी पुन्हापुन्हा किक मारल्यास इंजिनात शिरलेले पाणी दाबले न गेल्यामुळे आतील भाग वाकण्याची भीती असते. गाडी बाहेर ढकलून, स्पार्क प्लग काढून पाणी निघू देणे ही योग्य रीत होय. पाण्यातून बाहेर आल्यावर ड्रम ब्रेक काही काळ लागत नाहीत. मंद गतीत ते हलके दाबून धरल्यास उष्णतेने सुकतात.

वाहनाची निगा

काळी माती वाळली की सिमेंटसारखी घट्ट बसते. इंजिनाच्या पात्यांमध्ये ती भरली तर हवेने इंजिन थंड होण्याची क्रिया मंदावते आणि मंद गतीतील श्रमाने आधीच तापलेले इंजिन अधिक तापते. म्हणून चिखल वाळण्यापूर्वी, त्याच संध्याकाळी गाडी धुण्याची सवय उपयुक्त ठरते. साखळीत अडकलेली माती वंगण शोषून घेते आणि दात झिजवते. धुऊन, पुसून मग तेल दिल्यास साखळी टिकते. उन्हाळ्यात मुख्य शत्रू धूळ हा असतो. हवेची गाळणी धुळीने भरली की इंधन अधिक लागते आणि गाडी ओढत नाही. दोन्ही ऋतूंत हेल्मेट आवश्यक आहे. मंद गतीत, चिखलात पडतानाही डोके दगडावर आदळू शकते.

सामाजिक महत्त्व व रस्तासुधारणा

शेतीतील कामाची सर्वाधिक निकड आणि वाटेची सर्वाधिक दुर्दशा एकाच वेळी येते. फवारणी दोन दिवस लांबली तर कीड वाढते. खत वेळेवर पोहोचले नाही तर पीक मागे पडते. सोंगलेले सोयाबीन शेतातच राहिले आणि पाऊस आला, तर दाणे काळे पडून भाव घसरतो. शेतमजूर स्त्रिया बहुधा पायीच शेतावर जातात, आणि चिखलामुळे त्यांचा वेळ व श्रम दोन्ही वाढतात. शिवारात सर्पदंश किंवा विषबाधा झाल्यास रुग्णाला डांबरी सडकेपर्यंत आणण्याचे काम दुचाकीवर किंवा खाटेवर करावे लागते. अशा प्रसंगी पांदणीची अवस्था हा जीवनमरणाचा प्रश्न होतो.

चिखलाची ही अडचण जुनी आहे. १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात राहावयास आले, तेव्हा तेथे नीट सडक नव्हती. हे गाव पुढे सेवाग्राम या नावाने प्रसिद्ध झाले. आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आखलेल्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावर दुचाकींना मनाई आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने निर्णायक अंतर गाव ते शेत या एक-दोन किलोमीटरचेच राहते.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० मध्ये आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ मध्ये सुरू झाली. त्यांचा भर वस्त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर आहे. शेतवाटांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये पालकमंत्री शेत/पाणंद रस्ते योजना आणि २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना जाहीर केली. दुसऱ्या योजनेत रोजगार हमीच्या निधीची सांगड घातलेली आहे. वाट अडवल्याच्या वादात मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ मधील कलम ५ अन्वये, तर नवी वाट मागण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १४३ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करता येतो.

काळ्या मातीवर नुसता मुरूम पसरून रस्ता टिकत नाही. ओली माती वरच्या भारामुळे मुरुमाच्या फटींतून वर येते, मुरूम खाली जातो, आणि काही पावसाळ्यांत चिखल पुन्हा वर दिसू लागतो. वाट लगतच्या शेतांहून उंच करणे, दोन्ही बाजूंना चर खणणे, मध्यभागी उंचवटा ठेवून पाणी उतरवणे, मुरूम थराथराने दाबणे आणि नाल्याच्या जागी नळ्या टाकणे ही कामे एकत्र झाली तरच वाट पावसाळ्यात तग धरते. चुना मिसळून काळ्या मातीचे फुगणे कमी करण्याची पद्धतही अभियांत्रिकीत मान्य आहे. पाणी वाटेवर थांबू न देणे हे या सर्व उपायांचे सूत्र होय.

पर्यावरण व निर्बंध

ओल्या जमिनीवरून वाहन गेल्यास माती दबते, तिच्यातील हवेची जागा कमी होते आणि त्या पट्ट्यात पिकाच्या मुळांची वाढ खुंटते. पांदण टाळण्यासाठी कडेच्या शेतातून गाडी नेल्यामुळे होणारे वाद यास्तव केवळ हद्दीचे नसतात. चाकोऱ्यांतून वाहणारे पाणी मातीची धूपही वाढवते. जिल्ह्यातील बोर व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित वनक्षेत्रात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये प्रवेश नियंत्रित असून तेथे हौसेखातर दुचाकी फिरवता येत नाही.

हेही पाहा

• वर्धा जिल्हा
• काळी मृदा
• पाणंद रस्ता
• बैलगाडी
• मोटारसायकल ट्रायल्स
• बोर व्याघ्र प्रकल्प